डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलासाठी शाळा कशी ठरवायची

मूल तीन-साडेतीन वर्षांचं झालं की घरात हा विषय निघतोच. तोवर हृदयाच्या तपासण्या, थायरॉइड, चालायला शिकणं, बोलण्याची थेरपी यांत दिवस गेलेले असतात, आणि एके दिवशी शेजारचं त्याच वयाचं मूल पाठीवर दप्तर घेऊन निघालेलं दिसतं. मग प्रश्न उभा राहतो: नॉर्मल शाळा की स्पेशल शाळा? बरेच आईवडील हा प्रश्न जन्माचा निकाल लागणार असल्यासारखा घेतात आणि धास्तावतात.

हा निर्णय दोन वर्षांचा असतो. पुढची दोन वर्षं या मुलाला काय शिकायचं आहे आणि ते आपल्या घरापासून रोज जाता-येता येईल अशा अंतरावर कोण शिकवू शकतं, एवढंच आज ठरवायचं असतं. दोन वर्षांनी पुन्हा कागद-पेन घेऊन बसायचं. खाली दिलेला क्रम महाराष्ट्रातल्या पालकांसाठी आहे. केंद्राचे कायदे गोव्यातही तेच लागू आहेत, फक्त कार्यालयं आणि अर्जाच्या रीती तिथल्या.

सगळ्यांत आधी कान

शाळा शोधायच्या आधीची पायरी दवाखान्यातली आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना कधी ना कधी कमी ऐकू येतं. कानाच्या नळ्या अरुंद असतात, पडद्यामागे चिकट द्रव साठतो, सर्दी-पावसात ऐकणं उतरतं आणि उन्हाळ्यात पुन्हा सुधारतं. एप्रिलमध्ये हाकेला वळणारं मूल ऑगस्टमध्ये बाईंकडे बघतही नाही, आणि डायरीत शेरा येतो, ‘लक्ष देत नाही, हट्टी आहे.’ म्हणून दरवर्षी कानाची तपासणी हवी. नुसतं टाळी वाजवून पाहणं पुरत नाही. ऑडिऑलॉजिस्टकडून ऐकण्याची चाचणी आणि पडद्यामागच्या द्रवासाठी टिंपॅनोमेट्री, दोन्ही करून घ्या.

डोळ्यांचंही तसंच. जवळच्या वस्तूवर नजर रोखणं यातल्या अनेक मुलांना जड जातं, त्यामुळे फळा दिसतो पण वही धूसर असते. डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा. कधी कधी बायफोकल चष्मा दिला जातो आणि वहीतल्या कामात लगेच फरक पडतो. थायरॉइडची रक्ततपासणी वर्षातून एकदा. मूल रात्री घोरत असेल, श्वास अडकल्यासारखा होत असेल, बसून किंवा मान मागे टाकून झोपत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. अकरा वाजता वर्गात पेंगणारं मूल ‘शिकण्यात रस नसलेलं’ ठरतं, आणि खरं कारण टॉन्सिलमध्ये असतं.

मानेचा मुद्दा शाळेला लेखी कळवायचा असतो. वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काही मुलांत सैल असतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय कोलांटी उडी, शीर्षासन, मल्लखांब, ट्रॅम्पोलिन नको. चालण्यात अचानक बदल, मान एका बाजूला कलणं, मान दुखणं, सुटलेली शू-शीची सवय पुन्हा बिघडणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाकी खेळाचा तास मात्र सोडायचा नाही. पळणं, चेंडू, नाच, लेझीम हे सगळं या मुलांना आवडतं आणि सैल स्नायूंसाठी हवंही असतं.

कागदपत्रं

गुणसूत्रांच्या तपासणीचा, म्हणजे कॅरिओटाइपचा अहवाल निदानापुरता असतो. शाळेतल्या सवलतींसाठी तो चालत नाही. लागतं ते दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करायची, रुग्णालय निवडायचं, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि आधीचे अहवाल घेऊन ठरलेल्या दिवशी जायचं. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग तपासणीचे वार ठरलेले असतात. ते आधी विचारून घ्या, म्हणजे गावाहून फुकट फेरी होत नाही. त्याच आवारात डीईआयसी, म्हणजे जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असेल तर तिथेही नाव घाला. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे, आणि बोलण्याची व हालचालींची थेरपी तिथे मोफत मिळते.

तपासणीच्या दिवशी मुलाला सकाळची वेळ मागा. पोट भरलेलं, झोप झालेली, चष्मा किंवा श्रवणयंत्र लावलेलं असू द्या. मानसशास्त्रज्ञ मुलाकडून कामत-बिने या बुद्धिमापन चाचणीसारखी चाचणी करून घेतील, आणि तुम्हाला रोजच्या कामांबद्दल प्रश्न विचारतील. या दुसऱ्या भागात पालक हमखास चुकतात. ‘स्वतः जेवतो का?’ याला ‘हो’ म्हणतात, कारण घास हातात दिला की तोंडात घालतो. विचारणाऱ्याचा अर्थ असतो: ताटातलं कालवून, सांडलवंड आटोक्यात ठेवून, कोणी न बसता जेवतो का? कमीपणा वाटून फुगवून सांगू नका, सहानुभूतीसाठी कमीही सांगू नका. कागदावर ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व आलं की बहुतेक हक्क लागू होतात. लहान वयातलं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं. मुदत कधी संपते ते आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. ऐन प्रवेशाच्या वेळी मुदत संपलेली सापडते आणि अर्ज बाद होतो, हे फार वेळा घडतं.

प्रमाणपत्र हाती आलं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यासाठीही अर्ज करा. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा काही खर्च बसतो.

मूल शिकतं कसं, हे आधी समजून घ्या

शाळा निवडण्याची खरी कसोटी इथे आहे. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल ‘सगळ्यातच सावकाश’ नसतं. त्याचा एक ठरावीक कल असतो. डोळ्यांनी पाहिलेलं चांगलं लक्षात राहतं, कानांनी ऐकलेलं पटकन निसटतं. समजतं बरंच, बोलता येतं त्याहून कमी. नक्कल उत्तम करतं. बोटं आखूड आणि स्नायू सैल, म्हणून लिहिणं सगळ्यांत मागे राहतं. आपल्या बहुतेक वर्गांत नेमकं उलटं चालतं: बाई बोलतात, मुलं ऐकतात आणि लिहितात. म्हणजे मुलाच्या दोन सर्वांत कच्च्या बाजूंवर सगळा डोलारा.

वाचन ही या मुलांची बळकट बाजू आहे, आणि ते बोलणं स्पष्ट होण्याची वाट न पाहता सुरू करता येतं. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांनी १९८०च्या दशकापासून हे काम मांडलं: मूल आधी अख्खे शब्द ओळखायला शिकतं, आणि वाचनातून त्याचं बोलणं सुधारतं. मराठीत ते घरी असं करता येतं. पोस्टकार्डाएवढे पांढरे पुठ्ठे घ्या. जाड स्केचपेनने मोठ्या अक्षरांत एकेक शब्द लिहा, प्रत्येकाच्या दोन प्रती करा. सुरुवातीला चारच शब्द: मुलाचं नाव, आई, बाबा आणि आजी. पहिल्या टप्प्यात फक्त जुळवायचं, म्हणजे ‘आई’वर ‘आई’ ठेव. मग निवडायचं: ‘आजी कुठे आहे? दे मला.’ सगळ्यांत शेवटी वाचायचं: ‘हे काय लिहिलंय?’ टप्प्यांची ही उतरंड मोडली आणि पहिल्याच दिवशी ‘सांग, काय आहे?’ विचारलं, की मूल पुठ्ठा फेकून हसतं आणि पालकांना वाटतं, याला कळत नाही. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. वीस-पंचवीस शब्द झाले की ‘आई ये’, ‘बाबा बस’, ‘आजी पाणी दे’ अशी वाक्यं मांडा. अक्षरं सुटी करणं, काना-मात्रा, बाराखडी हे त्यानंतर. ध आणि घ, म आणि भ, ब आणि व या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका.

लेखनासाठी वही उशिरा आणा. आधी भिंतीवरचा फळा, खडू, ओल्या बोटाने फरशीवर रेघा. मग थोडी तिरकी ठेवलेली पाटी, आणि जाड त्रिकोणी पेन्सिल. ग, म, भ, न यांसारखी सारख्या वळणाची अक्षरं एकत्र घ्या. उत्तर लिहूनच द्यायला हवं असा हट्ट धरणाऱ्या वर्गात हे मूल नापास होतं. बोट ठेवून, शब्दपत्ता (शब्द लिहिलेला पुठ्ठा) ठेवून, जोड्या लावून उत्तर घेतलं की त्याच मुलाला धडा येत असतो.

गणित सगळ्यांत अवघड, आणि मराठीत थोडं जास्तच. ‘पंचवीस’ ऐकताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात दोन-नऊ. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. या मुलांसाठी मात्र ती पद्धत खरोखर सोयीची आहे, निदान सुरुवातीला. शिक्षकांना तसं सांगा. शंभरपर्यंत पाढ्यासारखे आकडे म्हणून घेण्यापेक्षा दहा वस्तू मोजून देता येणं, दहाची आणि वीसची नोट ओळखणं, घड्याळात शाळा सुटायची वेळ पाहणं याला आधी जागा द्या.

आणखी एक सवय शाळेला आणि घराला, दोघांनाही लागते. सूचना पाच-सहा शब्दांत द्यायची आणि मग मनात दहा आकडे मोजायचे. ऐकलेलं पोहोचायला आणि उत्तर जुळायला या मुलांना तेवढा वेळ लागतो. आपण तिसऱ्या सेकंदाला पुन्हा बोलतो, तेही वेगळ्या शब्दांत, आणि त्याचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

पर्याय काय आहेत

*जवळची नेहमीची शाळा.* इथे सर्वांत मोठी मिळकत म्हणजे भाषा आणि वागणूक. हे मूल नकलेतून शिकतं, आणि चाळीस बोलकी मुलं दिवसभर समोर असतात. बालवाडी ते दुसरी-तिसरीपर्यंत हा पर्याय बहुतेक मुलांसाठी पहिला तपासून पाहावा असं आमचं मत आहे. अंगणवाडीपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. गावात असाल तर जिल्हा परिषदेच्या शाळेकडे केवळ नाव मोठं नाही म्हणून पाठ फिरवू नका. घराजवळ, पटसंख्या कमी, भाषा घरचीच, मुलं गल्लीतली ओळखीची, आणि दोन-तीन इयत्ता एकत्र बसत असतील तर ‘मागे’ असणं फारसं डोळ्यांवर येत नाही. समग्र शिक्षा योजनेतून तालुक्याला समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. ते आपल्या शाळेत किती दिवसांनी येतात ते गटसाधन केंद्रात विचारा. याच योजनेत साहित्य, प्रवास आणि मदतनीस भत्ता, दिव्यांग मुलींना महिना २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता अशा तरतुदी आहेत. मागितल्याशिवाय त्या सहसा दारी येत नाहीत.

या पर्यायात बिघडतं ते असं: मूल वर्गात बसतं, पण वर्गात नसतं. बाई प्रेमळ असतात, त्याला सांभाळतात, चित्र रंगवायला देतात, आणि तीन वर्षांनी ते अजून चित्रच रंगवत असतं.

*विशेष शाळा.* वर्ग लहान, शिक्षक प्रशिक्षित, बोलण्याच्या थेरपीची आणि व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपीची) सोय बहुधा तिथेच. प्रत्येक मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना करायची असते आणि ठरावीक काळाने तपासायची असते. वर्ग इयत्तेप्रमाणे नसून पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, पूर्वव्यावसायिक असे, वय आणि क्षमता पाहून केलेले असतात. महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. मुंबईची जय वकील संस्था १९४४ची, पुण्याची कामायनी १९६४ची, आणि नाशिकच्या प्रबोधिनीचं कामही जुनं आहे. अनेक शाळांच्या पाटीवर अजून ‘मतिमंद’ शब्द दिसतो. शब्द टोचतो, पण त्यावरून माघारी फिरू नका, आत जाऊन वर्ग पाहा. कारभाराच्या दृष्टीने या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे नसून दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत, म्हणून तक्रार, अनुदान, प्रवेश यांचे टेबल वेगळे.

इथली उणीव उलट बाजूची. आजूबाजूला बोलणारी मुलं कमी, आणि काही ठिकाणी अपेक्षाच खाली आणलेल्या: वाचनाऐवजी वर्षानुवर्षं मणी ओवणं. ‘वाचायला कधीपासून शिकवता?’ हा प्रश्न विचारा. ‘यांना त्याचा काय उपयोग’ असं उत्तर आलं तर दुसरी शाळा पाहा.

*मधला मार्ग.* काही नेहमीच्या शाळांत संसाधन कक्ष असतो. मूल गणित-भाषेला तिथे जातं, बाकी तासांना वर्गात. जिथे हे खरोखर चालतं तिथे ते फार चांगलं चालतं. पण कक्षाला कुलूप आहे की मुलं बसली आहेत ते स्वतः पाहा. जिथे कक्ष नाही तिथे पालक सकाळी नेहमीची शाळा आणि दुपारी विशेष शिक्षकांची शिकवणी असं जुळवतात. यात मूल थकतं. दुपारची झोप आणि खेळ मोडून दोन शाळा करू नका.

*गृहाधारित शिक्षण.* तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी कायद्याने ही निवड दिली आहे. हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला काही महिने याचा आधार होतो. पण शाळेला नको असलेलं मूल घरी पाठवण्यासाठी हा पर्याय सुचवला जात असेल तर मान्य करू नका.

माध्यमाबद्दल दोन शब्द. दोन भाषांमुळे डाऊन सिंड्रोम असलेलं मूल गोंधळतं, हा समज खरा नाही. घरात दोन्ही भाषा वावरत असतील तर मूल दोन्ही घेतं. अडचण होते ती घरात कोणी इंग्रजी बोलत नसताना केवळ शेजाऱ्यांचं बघून इंग्रजी माध्यम घेतल्यावर. मुलाला सूचनाच कळत नाहीत, आणि त्याचं खापर त्याच्या बुद्धीवर फुटतं.

प्रवेशाचा हक्क

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. कलम १६ म्हणतं की शासनाने निधी दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि आवश्यक सोयी करायच्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, म्हणून खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी ती पात्र आहेत. महाराष्ट्रात या गटाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा आणि ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने, आणि घरापासूनच्या अंतराला महत्त्व. नकाशावरचा घराचा ठिपका चुकला की जवळची शाळा लांबची होते. तो दोनदा तपासा. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना हा नियम लागू नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घ्यायला मनाई करतं. पहिल्यांदा उल्लंघन झालं तर २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

प्रत्यक्षात नकार असा स्पष्ट येत नाही. ‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत, तुमच्याच मुलाचं नुकसान होईल,’ असं गोड शब्दांत सांगितलं जातं. तेव्हा वाद घालू नका. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नकार कारणासह लेखी मागा. बरेच नकार इथेच मागे घेतले जातात. नाहीतर अर्ज आणि पोच जोडून गटशिक्षणाधिकारी, महापालिका असेल तर तिथला शिक्षण विभाग, त्यानंतर जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी आणि पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. कायद्याने जागा मिळते, हे खरं. बाईंचं मन मात्र कायद्याने मिळत नाही. म्हणून दोन शाळा सारख्याच अंतरावर असतील तर मोठ्या नावाच्या नाखूश शाळेपेक्षा साध्या पण तयार शाळेत घाला.

शाळा पाहायला जाताना

मुख्याध्यापकांच्या खोलीतून शाळा कळत नाही. चालू वर्गात वीस मिनिटं मागे बसायची परवानगी मागा. मधली सुट्टी पाहा, आणि स्वच्छतागृह तर नक्कीच पाहा: कडी मुलाच्या हाताला येते का, पाय घसरतो का, सोबत कोण जातं. मग हे विचारा:

- आत्ता शाळेत दिव्यांग मुलं किती आहेत, आणि त्यांपैकी एकाच्या पालकांशी बोलता येईल का?
- वर्गात मुलं किती, मदतनीस कोण?
- विशेष शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? नोंदणी क्रमांक विचारण्यात काही वावगं नाही.
- मागच्या वर्षीची एखादी वैयक्तिक शिक्षण योजना, नाव झाकून, दाखवाल का?
- सावली शिक्षक (वर्गात फक्त या मुलासोबत असणारा मदतनीस) लागला तर तो कोण नेमणार, पैसे कोण देणार? उत्तर लेखी घ्या.

योजनेचा कागद वाचताना एक खूण लक्षात ठेवा. ‘भाषाविकास करणे’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा. ‘डिसेंबरपर्यंत ३० शब्दपत्ते न चुकता ओळखेल, पाणी आणि शू यांसाठी शब्द किंवा खूण स्वतःहून वापरेल’ हे उद्दिष्ट, कारण डिसेंबरात ते झालं की नाही हे तपासता येतं.

जूनच्या आधीचे तीन महिने

मुळाक्षरांची घाई सोडा आणि डब्यापासून सुरू करा. घट्ट क्लिपचा स्टीलचा डबा उघडायला अंगठ्यात जोर लागतो, तो या मुलांत कमी असतो. सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची, त्यात दहा मिनिटं झाकणाशी झटापट. हलकं, ओठ असलेलं झाकण निवडा आणि रोज घरी त्याच डब्यातून खायला द्या. पोळीची गुंडाळी करून दोन तुकडे करा. चड्डीचा हूक आणि पट्टा काढून इलॅस्टिक लावून घ्या, बुटांना वेल्क्रो. ‘शू’ साठी एक शब्द किंवा एक खूण पक्की करा, आणि तीच बाईंना शिकवा. या चार गोष्टी जमणारं मूल वर्गात टिकतं.

बाईंना देण्यासाठी एक पान तयार करा. एकच पान, फाइल कोणी वाचत नाही. फोटो, कोणत्या कानाने बरं ऐकतो आणि म्हणून कुठे बसवायचं, कोणते शब्द बोलतो आणि त्यांचा अर्थ काय, काय आवडतं, औषधं, मानेची सूचना, फोन नंबर. आणि बसकण मारली तर काय करायचं ते. ही मुलं नको असलेल्या कामाला किंवा जागा बदलायला सांगितलं की जमिनीवर बसकण मारतात आणि सैल अंगाने जड होऊन जातात. ओढलं की खेळ होतो, रागावलं की सगळा वर्ग पाहतो. दोन मिनिटं आधी सांगणं, पुढच्या तासाचं चित्र दाखवणं, आणि हातात एखादं काम देणं (‘हा डस्टर तिकडे नेऊन ठेव’) याने बहुतेक वेळा उठतात.

सावली शिक्षक असेल तर तो मुलाच्या शेजारी नको, मागे बसू द्या. शेजारी बसला की तोच वही लिहितो, तोच उत्तर देतो, वही भरते आणि मूल रिकामं राहतं. दर तिमाहीला त्याचा एक तास कमी करत न्यायचा.

वर्गपाठासाठी सोपा नियम: धडा तोच, ओझं वेगळं. परिसर अभ्यासात पाण्याचा धडा चालू असेल तर इतर मुलं पाण्याचे स्रोत लिहितील, हे मूल विहीर, नदी आणि नळ यांच्या चित्रांवर शब्दपत्ते ठेवेल. गृहपाठात वीसऐवजी पाच उदाहरणं. मुलं त्याला ‘बाळ’ म्हणून उचलून घेऊ लागली तर बाईंना लगेच सांगा. वह्या वाटणं, हजेरीची वही नेणं अशी खरी जबाबदारी मिळाली की उचलून घेणं आपोआप थांबतं.

तिसरीनंतर

तिसरी-चौथीत पुस्तकं जड होतात आणि अंतर वाढतं. शाळा बदलायची का, हे गुणांवरून ठरवू नका. पाहायचं ते हे: तीन महिने वहीचं तेच पान चालू आहे का, सुट्टीत त्याच्याबरोबर कोणी खेळतं का, रविवारी संध्याकाळी पोट दुखतं का, घरी आल्यावर बोलणं कमी झालंय का. यांतल्या दोन गोष्टी सतत दिसल्या तर आधी शाळेशी बसून योजना बदला, आणि एका सत्रात फरक पडला नाही तर दुसरी शाळा पाहा. पाचवीच्या सुमारास विशेष शाळेत जाणं म्हणजे हरणं नव्हे. उशीर केला तर मात्र मूल शाळा या गोष्टीलाच घाबरायला लागतं, आणि नव्या शाळेचं पहिलं वर्ष ती भीती काढण्यात जातं.

याच काळात वयात येण्याची तयारी सुरू होते. दार लावून कपडे बदलणं, कोणाला मिठी मारायची आणि कोणाशी हात मिळवायचा, मुलींना पॅड बदलणं, हे चित्रांच्या पट्टीवर पायरीपायरीने शिकवावं लागतं. शाळेच्या योजनेत ते लिहून घ्या.

दहावी हवी असेल तर मार्ग आहेत. राज्य मंडळाच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना जास्तीचा वेळ, लेखनिक आणि इतर सवलती मिळतात, पण अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, या मुलांना जास्त सोयीची पडते. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर आहेत. माध्यमिकसाठी किमान वय १४ आणि पाच विषय. गणित सक्तीचं नाही. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री यांसारखे विषय निवडता येतात. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते, म्हणून वर्षाला एक-दोन विषय सावकाश देता येतात. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी आणि दहावीच्या परीक्षाही मराठीतून देता येतात.

प्रत्येकाने दहावी करावीच असं नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी पूर्वव्यावसायिक वर्गात पैसे हाताळणं, बस ओळखणं, चार माणसांचा चहा करणं, ठरलेलं काम दोन तास न थांबता करणं हे शिकलेला मुलगा किंवा मुलगी अठराव्या वर्षी कार्यशाळेत किंवा एखाद्या दुकानात जास्त लवकर रुळते. त्यातलं कुठलं वाट्याला यावं ते मुलाचं वाचन आणि हात पाहून चौदाव्या वर्षी ठरवा.

शाळा बदलताना दाखल्याबरोबर तीन गोष्टी मागून घ्या: शेवटची वैयक्तिक शिक्षण योजना, मूल वाचतं त्या शब्दांची यादी, आणि ते वाचताना व मोजताना मोबाइलवर घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ. नव्या बाईंना तो पहिल्याच दिवशी दाखवा. अनोळखी जागी हे मूल आठवडेच्या आठवडे तोंड उघडत नाही, आणि त्याला काय येतं हे दिसलं नाही तर नव्या वर्गात पहिलं सत्र पुन्हा ‘अ अननसाचा’पासून जातं.